‘सबचॅनेल’साठी उपवाहिनी की पोटवाहिनी?

प्रश्न

अमेरिकेतील लहान शहरांच्या दूरचित्रवाणीवर मराठीत लेख लिहिताना दोन संज्ञांपाशी मी अडले आहे. १९९५ साली सुरू झालेल्या ‘द डब्ल्यूबी’ या नेटवर्कला, म्हणजे गावोगावच्या केंद्रांना कार्यक्रम पुरवणाऱ्या संस्थेला, मोठ्या शहरांत प्रक्षेपण केंद्रे मिळाली. पण प्रेक्षकसंख्येच्या क्रमवारीत शंभरीच्या पलीकडे असलेल्या अनेक भागांत त्याला घ्यायला मोकळे केंद्रच नव्हते. म्हणून सप्टेंबर १९९८ मध्ये अशा भागांसाठी वेगळ्या वाहिन्या सुरू झाल्या. त्यांचा कारभार तिथली केबल कंपनी किंवा तिथलेच एखादे प्रक्षेपण केंद्र पाही आणि त्या फक्त केबलवर दिसत. १८ सप्टेंबर २००६ रोजी ‘द डब्ल्यूबी’च्या जागी ‘द सीडब्ल्यू’ हे नवे नेटवर्क आले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत यांतील बऱ्याच वाहिन्या स्थानिक केंद्रांच्या डिजिटल सबचॅनेलवर, म्हणजे त्या केंद्रांच्या मुख्य कार्यक्रमासोबत हवेतून जाणाऱ्या जादा प्रवाहांवर, गेल्या. ‘केबल-ओन्ली चॅनेल’ आणि ‘डिजिटल सबचॅनेल’ यांना मराठीत काय म्हणावे? ‘उपवाहिनी’ सुचते, पण मनाला पटत नाही, आणि का पटत नाही तेही नेमके सांगता येत नाही.

प्रतिसाद

आपल्याला ‘उपवाहिनी’ का खटकते, त्याचे कारण मला ‘उपनदी’त दिसते. ‘वाहिनी’ म्हणजे वाहून नेणारी; रक्तवाहिनी, जलवाहिनी, वीजवाहिनी हे शब्द आपण रोज वापरतो आणि दूरचित्रवाणीची वाहिनीही त्याच कुळातली आहे. प्रवाहाची प्रतिमा एकदा मनात आली की ‘उप’ लागताच उपनदी आठवते, आणि उपनदी मुख्य नदीला येऊन मिळते. इथे घडते ते उलट आहे. एका केंद्राच्या वाट्याला आलेली ६ मेगाहर्ट्‌झची पट्टी अ‍ॅनालॉग काळात एका चित्रानेच भरून जात असे. डिजिटल पद्धतीत तेवढ्याच पट्टीतून सेकंदाला सुमारे १९.३९ मेगाबिट माहिती पाठवता येते आणि तिचे वाटे करून दोन, तीन किंवा त्याहूनही अधिक कार्यक्रमप्रवाह एकाच वेळी सोडता येतात. हे पाण्याचे येऊन मिळणे नाही, पाण्याची वाटणी आहे. पाटबंधारे खात्याकडे मुख्य कालव्यातून फुटणाऱ्या प्रवाहासाठी ‘वितरिका’ हा अचूक शब्द आहे. फक्त तो दूरचित्रवाणीला लावला तर कोणी ओळखणार नाही.

माझी सूचना ‘पोटवाहिनी’ ही आहे. मराठीत ‘पोट’ हा पूर्वपद म्हणून फार जुना आणि समर्थ आहे: पोटकलम, पोटजात, पोटनियम, पोटहिस्सा. एका मोठ्या गोष्टीच्या पोटात असलेली, तिच्यातूनच विभागलेली दुसरी गोष्ट, हा अर्थ त्यात आपोआप येतो. त्यातही पोटहिस्सा फार जवळचा आहे. सात-बारावर ४५ क्रमांकाच्या जमिनीचे ४५/१ आणि ४५/२ असे हिस्से पडतात. मेन राज्यातील बँगोर येथे ‘डब्ल्यूएबीआय’ या केंद्राचा मूळ क्रमांक ५ आहे, त्याचा मुख्य प्रवाह ५.१ वर आणि ‘सीडब्ल्यू’चा ५.२ वर दिसतो. शेतकरी कुटुंबातल्या वाचकाला हे क्रमांक समजावून सांगावे लागणार नाहीत.

‘केबल-ओन्ली’साठी ‘केबलपुरती वाहिनी’ असे मी म्हणेन. ‘केवळ-केबल वाहिनी’ हे जोडकाम कानाला टोचते.

प्रतिसाद

‘पोटवाहिनी’ ऐकून मला आधी शरीरशास्त्राचे पुस्तक आठवले, हे नोंदवले पाहिजे. शिवाय ‘पुरती’ या प्रत्ययात किंचित कमीपणा आहे. नावापुरता, तात्पुरता हे शब्द पाहावेत. त्या वाहिन्या तर त्या गावांत त्या नेटवर्कच्या एकमेव प्रतिनिधी होत्या.

पोटहिस्स्याच्या उपमेबद्दलही एक शंका आहे. पोटहिस्स्याच्या धारकाचे नाव सात-बारावर स्वतंत्रपणे लागते. सबचॅनेलला मात्र स्वतंत्र परवाना नसतो. परवाना केंद्राचा आणि सबचॅनेल त्याच्या आश्रयाला. २००५ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने असे कायम केले, की केबल कंपन्यांवर असलेली दाखवण्याची सक्ती केंद्राच्या मुख्य प्रवाहापुरतीच आहे, इतर प्रवाहांना ती लागू नाही. म्हणजे जी वाहिनी जन्मतः केबलवरच होती, तिला हवेत आल्यावर केबलवर राहण्याचा हक्क कायद्याने मिळाला नाही. ते करारावर अवलंबून राहिले. ही स्थिती पोटहिस्सेदाराची नसून पोटभाडेकरूची आहे.

प्रतिसाद

पोटभाडेकरूची दुरुस्ती मला पूर्ण मान्य आहे, आणि तिने ‘पोटवाहिनी’ची बाजू बळकटच होते, कारण पूर्वपद तेच राहते. शरीरशास्त्राचा भास पहिल्या वाक्यापुरता टिकेल. ‘पोटनिवडणूक’ वाचताना आज कोणाला पोट आठवत नाही.

‘पुरती’बद्दल माझे मत वेगळे आहे. ‘घरापुरते दूध’ यात कमीपणा नाही, मर्यादा आहे, आणि इथे मर्यादाच सांगायची आहे. त्या वाहिन्या प्रक्षेपण करत नसल्यामुळे त्यांना केंद्राचा परवाना लागत नव्हता. तरीही मिसिसिपी नदीच्या पूर्वेला डब्ल्यू आणि पश्चिमेला के या अक्षराने सुरू होणारी, खऱ्या केंद्रांसारखी दिसणारी संकेताक्षरे त्या धारण करत. सरकारदरबारी त्या अक्षरांची नोंद नव्हती. त्यांना ‘केंद्र’ म्हणणे म्हणूनच चूक ठरेल, आणि ‘प्रक्षेपण’ हा शब्दही त्यांच्याबाबत टाळावा. प्रक्षेपणात फेकणे आहे, तारेतून होते ते वितरण.

आपल्याकडील वाचकासाठी एक खुलासा लेखात जरूर असावा. महाराष्ट्रातील गावोगावच्या केबलचालकांच्या स्थानिक वाहिन्या, ज्यांवर विसर्जनाची मिरवणूक आणि गावातल्या दुकानांच्या जाहिराती दिसत, याही केबलपुरत्याच होत्या. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला तेव्हाही त्यांना हवेची वाट खुली झाली नाही, कारण भारतात जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण दूरदर्शनच करते. पोटवाहिन्या म्हणता येतील असे एकाच लहरीवरचे अनेक प्रवाह आपल्याकडे आले तेही दूरदर्शनचेच, २०१६ मध्ये ज्या १६ शहरांत ही सेवा जाहीर झाली त्यांत मुंबई आणि तेव्हाचे औरंगाबाद होते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. माझी अडचण क्रियापदापाशीही होती, ती आता सुटली. ‘वाहिनी बंद पडली’ असे मी लिहिले होते. पण वाहून नेणारे बदलले, वाहिले जाणारे तेच राहिले, हे या चर्चेमुळे लक्षात आले. आता वाक्य असे लिहिले आहे: ‘बँगोरची केबलपुरती वाहिनी पुढे डब्ल्यूएबीआय केंद्राची पोटवाहिनी झाली आणि साधी अँटेना लावणाऱ्या घरांतही ५.२ या क्रमांकावर दिसू लागली.’