शब्दचर्चा : जननेंद्रियांच्या हर्पिसविषयी लिहिताना ‘सायटोकाइन’ आणि ‘संरक्षण’

विचारणा (अनुवादक, धंतोली, नागपूर)

सुरक्षा क्लिनिकमधील (लैंगिक संसर्गांवरील सरकारी उपचारकेंद्रांतील) समुपदेशक आणि मेडिकलला शिकणारी मुले यांच्यासाठी आम्ही काही जण लैंगिक संसर्गांवर मराठी वाचनपुस्तिका तयार करीत आहोत. योनिमार्गाच्या अस्तरात काही सायटोकाइने वेळेवर स्रवली, तर एचएसव्ही-२ या जननेंद्रियांचा हर्पिस घडवणाऱ्या विषाणूपासून संरक्षण मिळते, असा आशय तिच्यात एके ठिकाणी आहे. मसुद्यात त्याचे ‘रोगप्रतिकारक द्रव्ये शरीराचे नागिणीपासून रक्षण करतात’ असे रूपांतर झाले आहे. वाक्य सोपे आहे, पण बरोबर आहे का? ‘सायटोकाइन’साठी ‘संदेशवाहक रेणू’ हा पर्यायही पुढे आला आहे. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (सूक्ष्मजीवशास्त्राचे निवृत्त अध्यापक, नागपूर)

सर्वप्रथम ‘नागीण’ काढून टाकावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्याकडे नागीण म्हणजे कांजिण्यांच्या विषाणूमुळे कमरेवर किंवा छातीवर एका बाजूने उठणारा फोडांचा पट्टा. तिचे तोंड आणि शेपटी जुळली की माणूस दगावतो, ही समजूत अजूनही गावोगाव आहे, आणि जननेंद्रियांवर फोड आलेल्या स्त्रीला ‘नागीण’ म्हटले तर ती भीतीही आपण तिच्या पदरात टाकतो. व्युत्पत्ती पाहिली तर ग्रीक ‘हर्पिस’ आणि संस्कृत ‘सर्प’ एकाच मुळातून, सरपटण्याच्या अर्थाने आलेले आहेत, हे खरे. पण रुग्णाला आजार कळतो तो रूढ अर्थाने. म्हणून ‘जननेंद्रियांचा हर्पिस’ असेच लिहावे.

‘द्रव्ये रक्षण करतात’ या रचनेतील दोष अधिक गंभीर आहे, कारण त्यातून वाचकाला असे वाटते की हे पदार्थ विषाणूला थेट मारतात. सायटोकाइने ही पेशींनी एकमेकींना संकेत देण्यासाठी स्रवलेली छोटी प्रथिने आहेत. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडनमन या शास्त्रज्ञांनी इंटरफेरॉन या सायटोकाइनचे वर्णन केले, तेव्हाच हे दिसले होते की ते विषाणूला हात लावत नाही. गावात दवंडी पिटावी तसा शेजारच्या पेशींना इशारा मिळतो आणि त्या आपल्या आत विषाणूची वाढ होऊ न देण्याची तयारी करतात. एचएसव्ही-२ अस्तरात शिरला की पहिल्या प्रकारची इंटरफेरॉने हे काम करतात. त्यांच्या जोडीला इंटरल्यूकिन-१५ हे दुसरे सायटोकाइन लागते, कारण लागण झालेल्या पेशींना मारणाऱ्या ‘नैसर्गिक मारक पेशी’ टिकून राहण्यासाठी आणि सज्ज होण्यासाठी त्या संकेतावर अवलंबून असतात. इंटरल्यूकिन-१५ तयार न करू शकणारे उंदीर या संसर्गाला लवकर बळी पडतात, असे प्रयोगांत आढळले आहे.

‘संदेशवाहक रेणू’ मात्र नको. ‘संदेशवाहक आरएनए’ हा शब्द कोविडच्या लशींमुळे घरोघरी पोचला आहे आणि विद्यार्थी हमखास गोंधळतील. पहिल्या उल्लेखात ‘सायटोकाइन ही संकेत-प्रथिने’ असे लिहून पुढे नुसते ‘सायटोकाइन’ ठेवावे. शब्द नपुंसकलिंगी चालवावा : ते सायटोकाइन, ती सायटोकाइने.

पूरक उत्तर (स्त्रीरोगतज्ज्ञ, रामदासपेठ)

सरांशी मी सहमत आहे. परंतु माझ्या मते खरा अडसर ‘संरक्षण’ या शब्दात आहे, आणि तो कोणीच तपासलेला दिसत नाही. या आजारात संरक्षणाचे किमान तीन अर्थ होतात. लागणच न होणे हा एक. लागण झाली तरी फोड आणि वेदना न होणे हा दुसरा. कण्याच्या खालच्या भागाजवळील चेतापेशींच्या गुच्छांत विषाणू सुप्त होऊन बसल्यानंतर तो पुन्हा पुन्हा उफाळून न येणे, हा तिसरा. माझ्याकडे येणारी रुग्ण पहिल्या अर्थाने विचारते आणि बातम्यांतील संशोधन पुष्कळदा दुसऱ्या अर्थाने बोलत असते.

याचे उत्तम उदाहरण येल विद्यापीठातील अकिको इवासाकी यांच्या गटाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आहे. उंदरांना आधी लस देऊन टी-पेशी (विषाणू ओळखणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) तयार करण्यात आल्या आणि मग योनिमार्गात सीएक्ससीएल-९ व सीएक्ससीएल-१० ही दोन केमोकाइने लावण्यात आली. केमोकाइन म्हणजे पेशींना विशिष्ट जागी ओढून आणणारे सायटोकाइन. त्या टी-पेशी अस्तरात येऊन तिथेच मुक्काम करून राहिल्या; पुढे विषाणू दिल्यावर तो चेतापेशींपर्यंत कमी पोचला आणि उंदरांना आजार झाला नाही. म्हणजे इथे ‘संरक्षण मिळाले’ याचा अर्थ ‘आजारापासून’ असा आहे. ‘लागणीपासून’ असे भाषांतर केले तर ते चुकीचे ठरेल. याच गटाने २०१६ साली दाखवलेली गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. रक्तात प्रतिपिंडे (विषाणूला थेट चिकटून त्याला रोखणारी प्रथिने, अँटिबॉडी) असली तरी चेतागुच्छांत ती सहजी शिरत नाहीत. विषाणूची स्मृती असलेल्या सीडी-४ प्रकारच्या टी-पेशी तिथे जाऊन इंटरफेरॉन-गॅमा स्रवतात, त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंती प्रतिपिंडांना वाट देतात आणि मगच ती आत पोचतात. संकेत आणि शस्त्र यांतील फरक यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढते’ हा आपला सवयीचा वाक्प्रयोग या पुस्तिकेत कुठेही येऊ नये, असे मी कळकळीने सुचवते. वाढते काय, कोणत्या जागी आणि केव्हा, हे त्यात काहीच सांगितले जात नाही, आणि काढे व चूर्णे विकणाऱ्यांना तेच वाक्य आयते मिळते. शिवाय नुसते काही वाढले म्हणजे संरक्षण मिळतेच असे नाही : आठ हजारांहून अधिक स्त्रियांवर अमेरिका व कॅनडात झालेल्या लसचाचणीचे निष्कर्ष २०१२ साली आले. लशीमुळे प्रतिपिंडे तयार झाली होती, तरी एचएसव्ही-२ विरुद्ध ती लस निष्प्रभ ठरली.

विचारणाऱ्या अनुवादकांचे प्रत्युत्तर

दोघांचेही मनापासून आभार. सुधारलेले वाक्य असे : ‘योनिमार्गाच्या अस्तरातील पेशी विषाणूची चाहूल लागताच इंटरफेरॉनसारखी सायटोकाइने, म्हणजे संकेत-प्रथिने, स्रवतात, या संकेतांमुळे शेजारच्या पेशी सावध होतात, मारक पेशी व टी-पेशी तिथे जमतात आणि त्यामुळे, उंदरांवरील प्रयोगांनुसार, जननेंद्रियांच्या हर्पिसची तीव्रता कमी होऊ शकते.’ लांबी वाढली, पण ‘उंदरांवरील’ हा शब्द मी गाळणार नाही. ‘तीव्रता’ योग्य आहे ना?

उत्तर (स्त्रीरोगतज्ज्ञ)

योग्य आहे. फक्त त्याच परिच्छेदात एक वाक्य जोडा : अॅसायक्लोव्हिर हे हर्पिसवरील औषध विषाणूच्या डीएनएची नक्कल थांबवते, त्यामुळे फोड लवकर भरतात, पण चेतापेशींत सुप्त बसलेला विषाणू त्याने नाहीसा होत नाही. ‘औषधाने हर्पिस बरा होतो’ असे लिहू नका, ‘औषधाने हर्पिसचा उठाव आटोक्यात येतो’ असे लिहा. गरोदर स्त्रीला हा फरक नेमका कळणे अत्यावश्यक आहे, कारण बाळंतपणाच्या वेळी उठाव असेल तर बाळाला लागण होण्याचा धोका असतो आणि तिने ते आधीच डॉक्टरांना सांगायला हवे.