शॉर्टफिल्म करायचीय, पण प्रभाव कुठून घ्यायचे?

रीळवेडा_सातारा: दिवसभर रील्स आणि ओटीटी बघतो, पण लिहायला बसलं की सगळं कुठेतरी बघितल्यासारखंच येतं, शॉटसुद्धा. तुम्ही लोक नेमकं काय बघता? कुणीतरी सांगा राव, खरंच अडकलोय.

पिटातला_प्रेक्षक: अरे मित्रा, आधी मागे जा. १९३६ चा प्रभातचा 'संत तुकाराम' बघ, दामले-फत्तेलालांचा. जिजाई चिडून चप्पल घेऊन थेट विठोबाच्या देवळात शिरते ना, तो सीन मी आवाज बंद करून कितीदा तरी बघितलाय, नुसतं तिचं चालणं बघ, पदर खोचलेला, घरातली सगळी ओढाताण त्या चालीत दिसते. एकच सीन महिनाभर बघ, दहा पिक्चर पळवत बघण्यापेक्षा खूप मिळतं.

कट_टू: +१. सत्यजित राय १९५० मध्ये लंडनला गेले तेव्हा त्यांनी 'बायसिकल थीव्ह्ज' हा इटालियन पिक्चर बघितला, पण म्हणून सायकलचोराची गोष्ट नाही केली, तर खऱ्या जागा आणि नवखे चेहरे घेऊन काम करायची हिंमत घेतली आणि गोष्ट बंगालच्या खेड्यातलीच सांगितली. प्रभाव असा घ्यायचा. आणि फक्त पिक्चर नको रे, एसटी स्टँडवर तासभर बस, लोक भांडताना एकमेकांकडे बघत नाहीत, पिशवीकडे बघून बोलतात, हे कुठल्या रीलमध्ये मिळणार?

रीळवेडा_सातारा: पिशवीचं अगदी पटलं दादा, माझी आई तशीच बोलते. आज रात्रीच तुकाराम लावतो.