मदत हवी आहे: रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरसाठी चाचणीचे निकष कसे ठरवावेत?

गोदाकाठ२२

गंगापूर रोड, इंदिरानगर आणि पंचवटीतली मिळून ७ छोटी रुग्णालयं आणि २ पॅथॉलॉजी लॅब यांनी ठरवलंय की यापुढे रुग्णनोंदींचं सॉफ्टवेअर घ्यायचं ते सामाईक निकषांवर पारखूनच. सध्या चार कंपन्यांची सॉफ्टवेअर वापरात आहेत आणि एकाची नोंद दुसऱ्यात उघडत नाही. मसुदा माझ्याकडे आहे. त्यात १४० मुद्दे आणि पुढे हो/नाही रकाना. विक्रेत्यांकडे पाठवला तर चौघांनीही सगळीकडे 'हो' भरून पाठवलं.

अडलंय ते असं:
१. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचे एम१, एम२, एम३ टप्पे पार केलेलं सॉफ्टवेअर आपसूक पास धरायचं का?
२. लॅबचा रिपोर्ट नुसता पीडीएफ म्हणून गेला तर चालवून घ्यायचा का?
३. चाचणी नेमकी कशी घ्यायची?
४. दोन ठिकाणी सर्व्हर रुग्णालयाच्या आतच आहे. त्याने काही अडतं का?

चकलीचा_साचा

पहिल्यापासून घेतो. एम१ म्हणजे आभा क्रमांक (मिशनमधला रुग्णाचा आरोग्य-ओळख क्रमांक) काढणं आणि पडताळणं. एम२ म्हणजे तुमच्याकडची नोंद आभाला जोडून मागणाऱ्याला देणं. एम३ म्हणजे संमती मागून दुसरीकडची नोंद आणणं आणि दाखवणं. विक्रेता 'आमचं इंटिग्रेशन झालंय' म्हणाला की पहिला प्रश्न हा, की कुठल्या टप्प्यापर्यंत? नुसत्या एम१ वर रुग्णाचा १४ अंकी क्रमांक केसपेपरवर येतो, बाकी काही नाही. एम३ नसेल तर तुमचं सॉफ्टवेअर देतं, घेत नाही.

तिन्ही झाले असतील तरी सिद्ध एवढंच होतं की दार उघडतं. दारातून आलेलं सामान वापरण्याजोगं आहे का, हे तुम्हालाच बघावं लागेल. तेव्हा हे टप्पे प्रवेशाची अट ठेवा, निकालाची नको. त्यांची पुन्हा चाचणी घेण्यात वेळही घालवू नका.

हो/नाही रकान्याचं म्हणाल तर अमेरिकेतही हेच झालं होतं. २००४ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या प्रमाणन आयोगाचा भर 'सॉफ्टवेअरमध्ये काय काय सोय आहे' यावर होता. आयोग २०१४ मध्ये बंद झाला. केंद्र सरकारचा प्रमाणन कार्यक्रम २०१० पासून वेगळा सुरू झाला होता, पण प्रत्यक्ष वापरात देवाणघेवाण होते का हे दाखवण्याची सक्ती त्यातही २०२० च्या नियमांनी आली. तुम्ही सुरुवातच तिथून करा. १४० मुद्द्यांतले 'छापता येतं का' छापाचे सगळे काढलेत तर ३० पण उरणार नाहीत.

स्लाइड_नं_९

लॅबपुरतं लिहिते. पीडीएफ हवाच, पण सोबत आकडे सुटे हवेत. फायर आर४ मध्ये (आरोग्यनोंदींच्या देवाणघेवाणीचं मानक, चौथी आवृत्ती) निदान अहवालाच्या नोंदीला पीडीएफ जोडता येतो आणि प्रत्येक तपासणीचं निरीक्षणही वेगळं पाठवता येतं. दोन्ही मागा. राष्ट्रीय ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंद) मानक केंद्राने (पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे) भारतासाठीचे फायर प्रोफाइल, म्हणजे नोंदींचे ठरलेले साचे, प्रसिद्ध केलेत, त्यांनाच धरून चला. स्वतःचा नमुना बनवायला जाऊ नका.

चुका ठरलेल्या जागी होतात:

प्लेटलेट. एक लॅब १.५ लाख लिहिते, दुसरी १५० हजार, तिसरी नुसतंच १५०. डोळ्यांनी वाचणारा डॉक्टर समजून घेतो, आलेख काढणारं सॉफ्टवेअर घेत नाही. डेंग्यूच्या दिवसांत दोन लॅबचे आकडे एका आलेखात आले की प्लेटलेट कोसळल्यासारख्या दिसतात, नाहीतर अचानक वर गेल्यासारख्या. म्हणून आकडा संख्या म्हणून, एकक यूकमच्या (एककांची प्रमाण यादी) संकेतात आणि तपासणीचं नाव लॉइंकच्या (तपासण्यांची प्रमाण यादी) संकेतात (हिमोग्लोबिनचा ७१८-७) असायलाच हवं. '११.२ ग्रॅम' असा अख्खा मजकूर एका खणात कोंबला असेल तर नापास.

टीएसएच (थायरॉइडची तपासणी) '०.०१ पेक्षा कमी' आला की 'पेक्षा कमी'चं चिन्ह वाटेत गळतं. त्याला फायरमध्ये वेगळी जागा आहे, ती भरलीय का बघा.

दुरुस्त केलेला रिपोर्ट. लॅबने आकडा सुधारला तर पहिल्याच नोंदीची स्थिती बदलून 'दुरुस्त' व्हायला हवी. बरीच सॉफ्टवेअर दुसरा 'अंतिम' रिपोर्ट पाठवतात, आणि मग समोरच्या डॉक्टरपुढे दोन अंतिम. हे मात्र अजिबात सोडू नका.

संदर्भ-मर्यादा आकड्यासोबतच जाऊ द्या, लॅबगणिक त्या वेगळ्या असतात. कल्चर-सेन्सिटिव्हिटीला (कुठला जंतू आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ही तपासणी) पहिल्या वर्षी पीडीएफवर भागवा. तो सुटा करणं किचकट आहे, त्यापायी बाकीचं रखडेल.

दोन_कंस

चाचणीबद्दल. चार सॉफ्टवेअर, प्रत्येकाने उरलेल्या तिघांना पाठवायचं, म्हणजे १२ फेऱ्या. सँडबॉक्सवर (फक्त चाचणीसाठीच्या वेगळ्या सर्व्हरवर), खोट्या रुग्णांसह. खरा रुग्ण एकही नको. १० रुग्ण पुरतात, पण ते त्रासदायक निवडा:

- आधारवर फक्त जन्मवर्ष असलेली आजी. फायरला नुसतं वर्ष चालतं, पण सॉफ्टवेअर मुकाट्याने १ जानेवारी ठोकतं.
- एकाच मोबाइलवर नोंदलेले आजोबा आणि नातू, नाव-आडनाव तेच.
- 'बेबी ऑफ' म्हणून नोंदलेलं बाळ, ज्याचं नाव महिन्याने लागतं.
- पेनिसिलिनची ॲलर्जी असलेला, ॲलर्जी नसलेला आणि 'विचारलंच नाही' असा, असे तिघे. शेवटच्या दोघांची नोंद सारखीच दिसली तर नापास.
- मराठीत नाव असलेला रुग्ण. जुना डेटा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर पलीकडे अक्षरांचा कचरा जातो, आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो.
- संमती मागे घेतलेला. त्यानंतर मागणी फेटाळली जाते का? आणि संमतीत डेटा पुसायची तारीख असते, त्या तारखेला आणलेली प्रत खरोखर पुसली जाते का? दुसरा भाग तपासताना डेटाबेस उघडून बघा, पडद्यावर दिसत नाही एवढ्यावर समाधान मानू नका.

प्रत्येक नोंद आधी एचएलसेव्हनच्या (फायर मानक बनवणारी संस्था) मोफत व्हॅलिडेटरमधून काढा. माणसाने बघण्याआधीच निम्मी भांडणं तिथे मिटतात. हमखास येणाऱ्या चुका दोन: वेळ लिहिलीय पण +०५:३० नाही, आणि बंडलमधल्या (एकत्र बांधून पाठवलेल्या) नोंदी एकमेकींना ज्या ओळखीने बोलावतात ती जुळत नाही.

एन्क्रिप्शनमध्ये एक खड्डा आहे. मिशनच्या देवाणघेवाणीत कर्व्ह२५५१९ (किल्ल्या बनवायचा ठरलेला गणिती वक्र) वापरतात, पण वायरश्ट्रास या वेगळ्या रूपात. तयार लायब्ररीतलं एक्स२५५१९ लावलं की किल्ल्या जुळत नाहीत आणि समोरच्याला काही उलगडता येत नाही. दोन्ही विक्रेते 'आमचं बरोबर आहे' म्हणतील, तेव्हा आधी इथे बघा.

कुलूपकिल्ली

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: अडतं. गेटवे (मिशनचा मधला सर्व्हर) तुमची विनंती स्वीकारल्याची पोच लगेच देतो, खरं उत्तर नंतर तुमच्या पत्त्यावर स्वतःहून पाठवतो. सर्व्हर रुग्णालयाच्या राउटरमागे असेल तर उत्तर पोचायला जागाच नाही. त्यासाठी राउटरचं पोर्ट जगाला उघडं करू नका. क्लाउडवर छोटा मध्यस्थ सर्व्हर ठेवा, आतल्या सर्व्हरने त्याच्याशी आतून बाहेर जोडणी करायची.

आतल्या सर्व्हरचं घड्याळ मागेपुढे झालं तरी विनंत्या नाकारल्या जातात. सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा यंत्रणा) एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घड्याळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) वेळेशी जुळवणं, लॉग १८० दिवस भारतात ठेवणं आणि घटना ६ तासांत कळवणं बंधनकारक आहे. तिन्ही निकषांत घाला आणि विक्रेत्याला विचारा की यातलं तो काय करणार आणि तुम्ही काय. सुरक्षा तपासणीचा दाखला सर्ट-इनच्या यादीतल्या ऑडिटरचाच हवा, आणि तो तुम्ही घेताय त्याच आवृत्तीचा.

आणखी एक. केअर कॉन्टेक्स्टच्या (आभाला जोडलेल्या एका भेटीच्या नोंदींचा गट) नावात आजार लिहू नका. 'बाह्यरुग्ण भेट, १२ जून' पुरे. ते नाव संमतीच्या आधीच दिसतं.

चकलीचा_साचा

कागदाच्या बाजूचं राहिलं. याला 'प्रमाणपत्र' म्हणू नका, करारातली 'स्वीकृती चाचणी' म्हणा. उत्पादनाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेसाठी आयएसओ/आयईसी १७०६५ हे वेगळं मानक आहे, तुम्हाला त्या भानगडीत पडायचं नाहीये. निकाल कंपनीला लागू नको, आवृत्तीला लागू असावा. शेवटचा हप्ता १२ फेऱ्यांशी बांधा.

करार संपल्यावर डेटा परत मिळण्याची चाचणी खरेदीआधीच घ्या, आणि ती सगळ्या रुग्णांची, जोडलेल्या फाइलींसकट. एका रुग्णाचा एक्सपोर्ट कुणीही करून दाखवतो. स्नोमेड सीटीच्या (वैद्यकीय संज्ञांची प्रमाण संकेतावली) परवान्याचे पैसे कुणी लावले तर देऊ नका. भारत २०१४ पासून सदस्य देश आहे, मानक केंद्राकडे नोंदणी केली की परवाना फुकट मिळतो.

गोदाकाठ२२

सगळ्यांचे आभार, मसुदा नव्याने लिहायला घेतोय. एक उपप्रश्न: पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या रुग्णांचे जुने कागद स्कॅन करून चढवतो. एकेक फाइल ८-१० एमबीची होते आणि पाठवताना तुटते. निकषात मर्यादा घालू का?

दोन_कंस

घाला. फायरमध्ये फाइल बेस६४ होऊन, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून जाते, म्हणजे आकार एक तृतीयांशाने वाढतो, ९ चे १२ एमबी. कागद करड्या छटेत १५० ते २०० डीपीआयला स्कॅन करा, हस्ताक्षर वाचता येतं. रंगीत ६०० कशाला? एक्स-रे, सीटीची चित्रं बंडलमध्ये कोंबू नका, फक्त अहवाल पाठवा, डायकॉम (चित्रांच्या मूळ फाइली) जागेवर राहू दे. आणि पाठवणं मध्येच तोडून बघा: पुन्हा पाठवल्यावर समोर एकच प्रत दिसली पाहिजे.