मदत हवी आहे: नुसती गाठ काढायची की पूर्ण स्तन? (आत्ती, वय ५८, आजरा तालुका)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. आत्तीच्या डाव्या स्तनात गाठ निघाली, बायॉप्सीत कॅन्सर आला. गाठ दोन सेंटिमीटरची, सोनोग्राफीत काखेत काही दिसत नाही. ईआर-पीआर (हार्मोनच्या चाचण्या) पॉझिटिव्ह, हर-टू (एका प्रथिनाची चाचणी) निगेटिव्ह.

इथल्या सर्जननी पाच मिनिटांत सांगितलं, "पूर्ण काढून टाकू, विषय संपला." बहिणीने तेच रिपोर्ट पुण्यात दाखवले. तिथले म्हणाले, गाठ काढू, स्तन ठेवू, नंतर रेडिएशन. बाई तीच, कागद तेच, मध्ये फक्त २३० किलोमीटर.

तेव्हापासून वाचत बसलोय. इटलीत वेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर या सर्जननी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले. गाठ काढून शेक (म्हणजे रेडिएशन) घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायकांच्या जगण्यात फरक नाही. शेक टाळला तर मात्र त्याच स्तनात गाठ परत येण्याचा धोका बराच वाढतो. अमेरिकेतसुद्धा रेडिएशन सेंटरपासून लांब राहणाऱ्या बायका पूर्ण काढण्याकडे जास्त वळतात म्हणे. म्हणजे हे दुखणं आजऱ्यापुरतं नाही.

आत्तीचं गणित निराळंच. "शेकासाठी तीन आठवडे कोल्हापुरात बसले तर धारा कोण काढणार, तुझे डॉक्टर?" थोरली म्हैस तिच्या हाताशिवाय पान्हा सोडत नाही, मामांना तर जवळही येऊ देत नाही. म्हणून ती 'काढून टाका' म्हणून मोकळी. पण परवा स्टँडवर एसटीत बसवताना हळूच विचारलं, "ठेवता येतंय व्हय रं?"

कुणी या फेऱ्यातून गेलंय का? सर्जनना न दुखावता हा विषय परत कसा काढायचा?

प्रतिसाद
माझ्या आईचं झालंय, गडहिंग्लजची. पूर्ण काढलं की शेक चुकतोच असं नाही. ऑपरेशननंतर काखेतल्या गाठींत (लिम्फ नोडमध्ये) कॅन्सर सापडला तर शेक लागू शकतो. आईला लागला, तेव्हा फेऱ्या वाचतीलच असं धरून चालू नका. पूर्वी पाच आठवडे, २५ सिटिंग असायची. आता बऱ्याच जणींना १५-१६ मध्ये, म्हणजे तीन आठवड्यांत भागतं. काहींना पाचच सिटिंग देतात. हे सर्जनला नाही, रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा, तेही ऑपरेशनच्या आधी. मॅमोग्राफी झाली नसेल तर करून घ्या, स्तनात आणखी कुठे गाठ असेल तर निर्णय बदलू शकतो. बायॉप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. फुले जनआरोग्य योजनेत बसतंय का तेही बघा, रेशनकार्ड सोबत ठेवा.
आणि सर्जन दुखावतील याची काळजी सोडा हो. "स्तन ठेवण्यात नेमकी अडचण काय?" एवढंच विचारा. कारण गाठीचं असेल तर ऐका, एसटीचं असेल तर आत्तीला तुमच्याकडे ठेवा.

धागाकर्ता
आभारी आहे. काखेचं मला कुणी बोललंच नव्हतं. मंगळवारी रेडिएशनवाल्यांकडे नंबर लावलाय. आत्तीला सांगितलं तर म्हणाली, बघू. पण शेजारच्या वहिनींना धारेला घेऊन बसायला लागलीय. पहिल्याच दिवशी म्हशीनं बादली लवंडली.