गोझो बेटावर बुडालेला म्हातारा : थ्रिलर लिहितेय, जरा शंका आहेत

फोंडेकरीण :
दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहितेय. माल्टाशेजारचं गोझो बेट, एक पैसेवाला म्हातारा ड्वेयराच्या खडकांपाशी पाण्यात मेलेला सापडतो, सगळे म्हणतात पाय घसरला असेल. खरं तर पुतण्याने त्याला बंगल्याच्या स्विमिंग पूलमध्ये बुडवलंय. मग सुकती (ओहोटी) असताना बॉडी खडकावर ठेवायची आणि भरती आली की समुद्र घेऊन जाईल असा त्याचा प्लॅन. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर जन्म गेलाय त्यामुळे सीन मस्त उतरलाय, पण तिकडे आपल्यासारखी भरती येते का? आणि पूलमध्ये मेला की समुद्रात हे डॉक्टरांना कळतं का?

जुना तारवटी :
बाय गो, भरतीचं विसर. क्रूझवर असताना माल्टाच्या वॅलेटा बंदराला लागायचो आम्ही, तिथे समुद्र वर-खाली होतो तो जेमतेम २० सेंटीमीटर, म्हणजे वीतभर. आपल्याकडे अमावस-पुनवेला दोनेक मीटरचा फरक पडतो. तुझा म्हातारा खडकावर तसाच पडून राहील आणि सकाळी टुरिस्ट फोटो काढतील. शिवाय ड्वेयरा पश्चिम किनाऱ्यावर आणि तिकडचा नेहमीचा वारा वायव्येचा, माजिस्त्राल म्हणतात, तो सुटला की पाण्यात टाकलेलं परत खडकांवरच आणून आपटतो. कथा कुठल्या वर्षातली आहे पण? तिथली ती फेमस दगडी कमान ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली, त्यानंतरची असेल तर पुतण्याला कमानीखाली सिगरेट ओढत उभा करू नको.

बांबोळीकर :
लॅबवाला आहे म्हणून लिहितो. बुडून मेला असं पोस्टमॉर्टेममध्ये सरळ दिसत नाही हो, तोंडानाकाला फेस, फुगलेली फुफ्फुसं वगैरे बघतात आणि बाकीची कारणं एकेक करून बाद करतात. लेखकांची आवडती म्हणजे डायटम टेस्ट. डायटम हे पाण्यातले सूक्ष्म शेवाळ, कवच सिलिकाचं. माणूस जिवंतपणी बुडत असेल तर ते फुफ्फुसातून रक्तात आणि तिथून हाडाच्या मज्जेत जातात, कारण हृदय चालू असतं. मेल्यावर पाण्यात टाकला तर फुफ्फुसात शिरतील पण मज्जेत सहसा नाही. आता घोळ असा की पूलचं पाणी फिल्टर केलेलं, क्लोरीनवालं, त्यात डायटम नसल्यातच जमा. म्हणजे टेस्ट निगेटिव्ह, आणि खऱ्या बुडालेल्याचीही निगेटिव्ह येऊ शकते, वकील पाच मिनिटात उडवेल. त्यापेक्षा पूल सोडा आणि शेताला पाणी द्यायची उघडी टाकी घ्या, हिरवं झालेलं पाणी असलेली. मज्जेत गोड्या पाण्यातले डायटम आणि अंगावर समुद्रातले, मग पुतण्या काय सांगणार? झाकलेली टाकी मात्र नको, डायटमला उजेड लागतो.

वाचनवेडा :
भारी!! एक ॲडिशन, आपल्या कथांत इन्स्पेक्टरच सगळं करतो, माल्टात अशा मृत्यूची चौकशी मॅजिस्ट्रेटकडे जाते आणि तज्ज्ञही तोच नेमतो. तेव्हा एखादी खडूस मॅजिस्ट्रेट बाई आण मध्ये. पण मला एक कळत नाही, एवढं लांब माल्टाला कशाला जायचं, आपलं दिवाडी आहे की, बेटही आहे आणि फेरीबोटही.

फोंडेकरीण :
@बांबोळीकर काका टाकी घेतली, पुतण्याचं टोमॅटोचं शेत करते म्हणजे त्याला तिथे जायला कारण पण मिळतं. पूलपार्टीचा सीन मात्र ठेवणार, खूप मेहनतीने लिहिलाय, म्हाताऱ्याचं आणि पुतण्याचं भांडण तिथेच लावते. @तारवटी बाब, मग बॉडी वाऱ्याने परत येते हेच ठेवलं तर? त्याला वाटतं गेली आणि सकाळी तिथेच. @वाचनवेडा दिवाडीवर केलं असतं रे, पण म्हातारा कोण आणि पुतण्या कोण ते अर्धा गाव छापायच्या आधी ओळखेल, आणि आईला तिथे लग्नाकार्याला जावं लागतं.