ग्रीक शोकांतिकेच्या तालमी: आपापले अनुभव सांगा

भाचीला नाटकात अगदी छोटी भूमिका मिळाल्यामुळे ती दोन दिवस रुसून बसली आहे, आणि तिची समजूत काढताना मला नाट्यवर्गातली माझी युरिडिसी आठवली. सोफोक्लीजच्या 'अँटिगनी'मध्ये क्रेऑनची ही राणी नाटक संपत आल्यावर येते, जेमतेम नऊ ओळी बोलते, मुलाने स्वतःला कसे संपवले याचे दूताच्या तोंडचे पन्नासेक ओळींचे वर्णन ऐकते आणि एक शब्दही न उच्चारता आत निघून जाते. त्यानंतर येते ती तिच्या मृत्यूची बातमी. मी मात्र ऐकताना कधी हुंदका देई, कधी खांबाला टेकून डोळे मिटून घेई. शेवटी सरांनी माझ्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला दिला आणि दूताचे बोलणे संपेपर्यंत तो सांडायचा नाही, एवढेच सांगितले. पहिल्या दिवशी तलवारीचा उल्लेख येईपर्यंत माझी मनगटे भिजली होती.

* * *

मी आमच्या 'अँटिगनी'तला दूत होतो, आणि माझी तक्रार युरिडिसीबद्दलच आहे, कारण आमची राणी ऐकता ऐकता जांभया देत असे. अर्थात दोष माझाही होता. ग्रीक शोकांतिकेत मृत्यू बहुधा रंगमंचाबाहेरच घडतात, त्यामुळे सगळा भार आपल्यावर आहे अशा समजुतीने मी पहिल्या वाक्यापासूनच गळा काढत असे. बाईंनी मला ते सारे अपघात पाहिलेल्या माणसाने जबाब द्यावा तसे, घडले त्या क्रमाने सांगायला लावले. त्या दिवशी जांभई आली नाही.

* * *

आमच्या वाट्याला इस्किलसचे 'अ‍ॅगमेम्नॉन' आले होते, म्हणजे इ. स. पू. ४५८ चे नाटक, आणि मी कोरसमधला नववा म्हातारा. आतून राजाची किंकाळी ऐकू येते आणि बाहेर बारा वृद्ध आळीपाळीने दोन-दोन ओळींत आपापले मत देतात: कोणी म्हणतो आत घुसू या, कोणी म्हणतो आधी खात्री करून घेऊ या. बाराव्याचे मत येईपर्यंत राजाचा निकाल लागलेला असतो. या जागी आम्हाला हमखास हसू फुटत असे. दिग्दर्शकाने ते दाबायला न सांगता फक्त दोन मतांमधली उसंत काढून टाकली, तेव्हा त्याच ओळी घाबरगुंडी उडाल्यासारख्या ऐकू येऊ लागल्या. पण खरे सांगायचे तर चौथा म्हातारा आपली ओळ विसरला, की पाचव्यापासून पुढची सगळी सभा बरखास्त होत असे.

* * *

चौथ्या म्हाताऱ्याला माझी पूर्ण सहानुभूती आहे. आम्ही कागदाच्या लगद्याचे मुखवटे घालून तालीम केली होती, आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरल्यामुळे मी एकदा क्रेऑनऐवजी पहारेकऱ्यापुढेच गुडघे टेकले होते. मान किंचित खाली झुकवली की तोच मुखवटा खिन्न दिसतो, ही गोष्ट तेव्हा शिकले ती मात्र अजून विसरलेली नाही.

* * *

धागाकर्तीला एक विचारायचे आहे, की प्रयोगातही हातात पेला होता का?

* * *

नव्हता. हात मात्र तसेच धरलेले राहिले, आणि आत गेल्यावरही ते सोडायचे माझ्या लक्षात आले नाही. भाची अजून रुसलेलीच आहे.