पॉवर की साधं? एसयूव्हीत महाग पेट्रोल टाकून फरक पडतो का? तुमचे अनुभव लिहा

बावधनकर
काल चांदणी चौकाजवळ पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरच्या पोराने विचारलं, "पॉवर की साधं?" मी काही बोलणार तोच शेजारून बाबा म्हणाले, "त्र्याण्णव टाक रे."
बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. सकाळचा चहा झाला की नाही हे विसरतात, पण त्र्याण्णव लक्षात आहे. आमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या काळी पेट्रोल दोन प्रकारचं मिळायचं, ८७ आणि ९३ ऑक्टेन. महिनाअखेरीला ८७ भरलेलं असलं की जुन्या कात्रज घाटात गाडी खडखडायला लागायची. आत आम्ही पाच जण, डोक्यावर कॅरिअरला ट्रंक. बाबा सगळ्यांना गप्प करायचे, दुसरा गिअर टाकायचे आणि कान देऊन ऐकायचे. "ठोकतंय," एवढंच म्हणायचे. बोगदा आला की आई पाण्याची बाटली पुढे करायची.
आता माझी टर्बो पेट्रोल एसयूव्ही आहे, दोन वर्षं झाली. काल बाबांच्या शब्दाखातर पॉवर टाकलं. लिटरमागे सात-आठ रुपये जास्त गेले. नेहमी टाकावं का? वापरलंय त्यांनी सांगा.

रेवा_कोथरूड
त्र्याण्णव!! माझे आजोबा पण असंच म्हणायचे. बाबांना नमस्कार सांगा.

हिंजवडी_रोजचा
टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक. चार टाक्या साधं, चार टाक्या महागातलं ९५ ऑक्टेनचं, दर वेळी काठोकाठ भरून वहीत लिहिलं. साध्यावर लिटरला ११.३ किलोमीटर, महागावर ११.५. वाकड पुलावर एक दिवस जास्त अडकलो तरी एवढा फरक पडतो. म्हणून सोडून दिलं. पण एप्रिलमध्ये ताम्हिणी चढताना पाच जण, एसी फुल्ल, तेव्हा ९५ होतं आणि गाडी जरा मोकळी वाटली. मनाचे खेळ असू शकतात, खोटं कशाला बोलू.

टेकडीपलीकडचा
इंजिन टेस्टिंगमध्ये २० वर्षं काढली म्हणून थोडं लिहितो. ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. ठिणगीची ज्वाला पोचायच्या आधीच पेट्रोल दाबाखाली आपोआप पेटू नये, ती सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. बावधनकर, तुमच्या बाबांना जे ऐकू यायचं ते हेच, वेळेआधीचा भडका. पद्मिनीला ते कळायची सोय नव्हती, बाबांचे कानच तिचा सेन्सर. आताच्या गाडीत नॉक सेन्सर असतो. खडखडीची सुरुवात त्याला लागताच संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. ताकद थोडी कमी होते, इंजिन वाचतं. म्हणून भर उन्हात, घाटात, भरल्या गाडीत टर्बोला जास्त ऑक्टेनचा उपयोग जाणवू शकतो. हिंजवडीकरांना ताम्हिणीत वाटलं ते अगदीच मनाचं नसेल. सपाटीवर सिग्नल ते सिग्नल मात्र शून्य.
पण आता तो फरकही फारसा उरलेला नाही. पूर्वी साधं ९१ होतं. आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०० च्या वर, त्यामुळे साधंच ९५ च्या घरात पोचलंय. मग ९५ च्या महाग पेट्रोलात वेगळं उरतं ते मुख्यतः इंजेक्टर साफ ठेवणारं अ‍ॅडिटिव्ह. पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये किमान ऑक्टेन लिहिलेला असतो तो बघा. ९१ लिहिलं असेल तर रोज जास्तीचे पैसे घालू नका.

सासवडचा_सुमित
माझी २०१६ ची आहे. इथेनॉल नको म्हणून पॉवर टाकतो वर्षभर

टेकडीपलीकडचा
सुमित, ९५ मध्येही इथेनॉल असतं रे. बिनइथेनॉलचं हवं तर १०० ऑक्टेनचं, इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणलेलं. पण ते लिटरला दीडशेच्या वर. त्यापेक्षा इथेनॉलने खराब होऊ शकतात ते रबरी होस आणि सील एकदा तपासून घे.

सासवडचा_सुमित
वर्षभराचे पैसे गेले की मग. बरं झालं विचारलं दादा. दिवे घाट उतरलो की गॅरेजला जातो

मृण्मयीची_आई
माझ्या बाबतीत तर न विचारताच महाग टाकलं. मागे बाळ रडत होतं, मी बघेपर्यंत दोन हजार झाले. तेव्हापासून काच खाली करायच्या आधीच "साधं" म्हणते.

रेवा_कोथरूड
अगं माझंही झालंय. खाली उतरून नोझलपाशी उभं राहायचं. बाळ कसंय आता, दात आले का?

मृण्मयीची_आई
दोन आलेत, खालचे 😊 रात्रभर झोप नाही

डिझेलवाला_हडपसर
आमच्या डिझेलमध्ये ऑक्टेन नसतंच, सीटेन असतं, म्हणजे डिझेल किती पटकन पेटतं त्याचं माप, आणि बीएस ६ च्या (प्रदूषणाच्या आताच्या नियमांच्या) साध्या डिझेललाच ते किमान ५१ लागतं. बायकोची नोकरी जवळ, गाडी रोज चार किलोमीटर जायची. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला. कुणीतरी म्हणालं महाग डिझेल टाका, साफ होईल. तीन टाक्या घातल्या, दिवा तसाच. शेवटी एका मेकॅनिकने सांगितलं, सोलापूर रोडला एका दमात अर्धा तास पळवा, फिल्टर तापून काजळी जळते. यवतच्या पुढे जाऊन आलो, दिवा गेला. आता दर रविवारी सगळे मिळून भुलेश्वरला जातो. मुलं तर वाटच बघतात.

नाना_पेठ
साधं असो की महाग, पंप चांगला पाहिजे. शंका आली तर फिल्टर पेपर मागा, तो आपला हक्क आहे. नोझल पुसून एक थेंब टाकायचा. उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीचा संशय. माप कमी वाटलं तर पाच लिटरचं शिक्क्याचं माप असतं, ते भरून दाखवायला सांगा. मी मागितलं तेव्हा मॅनेजर आधी कुरकुरला, मग दिलं. माझ्या मागच्या दोन रिक्षावाल्यांनीही थांबून बघितलं.

हिंजवडी_रोजचा
नाना हे माहीतच नव्हतं. पेपर त्यांच्याकडेच असतो ना?

नाना_पेठ
हो, पंपावर ठेवावाच लागतो.

बावधनकर
सगळ्यांचे आभार. झाकण उघडून बघितलं, ९१ लिहिलंय. रोज साधंच टाकणार. टेकडीपलीकडचे, तुमचं "बाबांचे कान" बाबांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. पुढच्या रविवारी वाईला आत्याकडे जायचंय, खंबाटकी चढायचाय, गाडीत पाच जण. त्या दिवशी मात्र टाकी भरताना बाबांनाच सांगू देणार आहे काय टाकायचं ते.